मंत्रीसाहेब, माझ्या आईनं पाला खाल्ला की स्टिरॉइड, एवढंच सांगा

प्रति,
मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन

विषय: नऊ महिन्यांपूर्वी दिलेला औषधाचा नमुना न तपासताच प्रकरण बंद केल्याबाबत

सादर नमस्कार.

काल दुपारी पोस्टमन एक खाकी पाकीट देऊन गेला. आत अर्ध्या पानाचं पत्र, खाली सही अन् शिक्का. त्यात लिहिलंय की नमुना अपुरा असल्याने व वेष्टन उघडलेले असल्याने आपले प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. नऊ महिने मी या पत्राची वाट पाहिली साहेब. आई खुर्चीत बसून होती, कमरेला पट्टा. तिनं विचारलं, काय लिवलं बाप्पा त्याच्यात? मी म्हटलं, फाइल बंद केली म्हणते. ती जरा वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "मंग मी काय खाल्लं ते सांगितलंच नाई का त्यायनं?"

तिच्या या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहून राहिली आहे. खुलं लिहून राहिली कारण बंद पाकिटातली चार निवेदनं देऊन झाली, त्यातलं एक मी तुमच्या स्वतःच्या हातात दिलं होतं. गेल्या डिसेंबरात इथं नागपुरात अधिवेशन चालू असताना मंत्री उतरतात त्या रविभवनाबाहेर सकाळी सातपासून उभी होती मी, थंडीत, आई तेव्हा दवाखान्यात. तुम्ही गाडीत बसता बसता कागद घेतला, वाचला, निदान वाचल्यासारखं केलं, अन् म्हणाले, ताई, एका महिन्यात रिपोर्ट तुमच्या हातात असेल. तुमच्या पीएनं नंबर लिहून घेतला. त्या नंबरवर आजपर्यंत एक फोन आला नाही. मी फोन केला की "साहेब मुंबईत आहेत."

झालं काय ते पहिल्यापासून सांगते, कारण तुमच्या लोकांनी ते कोणीच पूर्ण ऐकलं नाही.

आईचे गुडघे दहा वर्षांपासून दुखतात. वय 62. नागपूरच्या महाल भागात आमचं जुनं घर आहे, वर जायचा जिना असा उभा की तरण्या माणसालाही धाप लागावी. मागच्या वर्षी मृगाच्या सुमारास एका ओळखीच्या बाईनं तिला एक डबी आणून दिली, 60 कॅप्सूल, 450 रुपये. लेबलवर हिरवं पान अन् मोठ्या अक्षरात "निर्गुडी, एरंड, शेवगा यांच्या पाल्याचा शंभर टक्के शुद्ध अर्क". जिथून आणली त्या स्टॉलवर मी नंतर स्वतः गेली, तिथं बॅनरच लावला होता की संधिवात अन् शुगर मुळासकट. आई म्हणे पाल्याचंच तर आहे, पाल्यानं काय होते. अन् खरं सांगू, मीही अडवलं नाही.

मी अडवलं नाही याचं कारण मला त्या पाल्याबद्दल माहिती होती. मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय, इथल्याच विद्यापीठातून, आज एका खाजगी पॅथॉलॉजीत काम करते. माझा प्रोजेक्टच पानांच्या अर्कावर होता. उमरेडजवळ मामाच्या बांधावरची निर्गुडी तोडून आणली, सावलीत आठ दिवस वाळवली (उन्हात वाळवली की वास उडून जाते अन् वासासोबत कामाचं तेलही), मिक्सरमधून काढली, सॉक्सलेट नावाच्या अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात मेथॅनॉल घालून तासन्‌तास फिरवली. शेवटी वाटीच्या बुडाला काळपट हिरवा, डिंकासारखा चिकट अर्क उरायचा, बोटाला लागला की दोन दिवस जायचा नाही. मग अगरच्या प्लेटवर जंतू पसरवायचे, कॉर्क बोररनं भोकं पाडायची, त्यात अर्क भरायचा अन् रात्रभर 37 डिग्रीला ठेवून द्यायचा. सकाळी प्लेट उघडली अन् स्टॅफिलोकॉकसच्या पांढुरक्या थरात भोकाभोवती स्वच्छ गोल दिसला, म्हणजे तेवढ्या जागेत जंतू वाढलेच नव्हते, तेव्हा मी हॉस्टेलपर्यंत पळत गेली होती मैत्रिणींना सांगायला. 13 मिलिमीटर. बाजूला सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या चकतीचा गोल 27. ई कोलायवर मात्र निर्गुडीनं काहीच केलं नाही, त्या जातीच्या जंतूंना बाहेरून एक जास्तीचं आवरण असते, त्यातून पुष्कळ वनस्पतींचे अर्क आत शिरतच नाहीत.

हे एवढं सविस्तर लिहायचं कारण, पाल्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. माझी आजी निर्गुडीची पानं तव्यावर एरंडेल लावून शेकायची अन् गुडघ्याला बांधायची. शेतात विळा लागला की कंबरमोडीचा पाला चुरगळून जखमेवर पिळायचे. गोवर उतरला की कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळ. यात खोटं काही नाही. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन असते, त्याच्यावर काम करत करत ब्रोमहेक्झिन निघालं, आज खोकल्याच्या किती सिरपांत ते असते. निर्गुडीच्या पानांचा अर्क उंदरांना देऊन, त्यांच्या पंजात सूज आणणाऱ्या कॅराजीननचं इंजेक्शन टोचून सूज मोजतात, सूज कमी झालेली दिसते, असे अभ्यास छापून आलेले आहेत. चीनच्या तू योयो बाईंना 2015 साली नोबेल मिळालं ते एका झुडपाच्या पाल्यासाठीच. त्यांच्या जुन्या ग्रंथात लिहिलं होतं की पाला पाण्यात भिजवून पिळून घ्यावा, उकळून नाही, त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेनं औषध मरत असेल, मग कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला अन् मलेरियाचं आर्टेमिसिनिन हाती आलं. पण साहेब, त्या बाईंनी अर्क काढला अन् डबीत भरून विकला नाही. आधी प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला, मग पेशंटला दिला.

पानात ताकद आहे म्हणूनच ते तपासायला पाहिजे. ज्या अडुळशानं खोकला सुटते त्याच्याच व्हॅसिसिननं गर्भाशय आकुंचन पावू शकते, गर्भार बाईला तो देऊ नये असं म्हणतात ते उगाच नाही. अन् प्लेटवरचा 13 मिलिमीटरचा गोल म्हणजे औषध नव्हे, हे मला माझ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. भोकात मी जेवढा दाट अर्क ओतला तेवढा माणसाच्या रक्तात कधी पोचतच नाही. एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवायला लागणारी कमीत कमी मात्रा, एक मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या वर गेली की जाणकार त्या अर्काकडे फारसं वळूनही पाहत नाहीत. पानं कोणत्या महिन्यात तोडली, कोणत्या मातीतली, कशी वाळवली, यानं आतला माल बदलते. आयुर्वेदिक औषधकोशात पानाची ओळख, राख किती, पाण्यात किती विरघळते, अल्कोहोलमध्ये किती, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. आमच्या सरकारनंच छापलेलं पुस्तक आहे ते. ते उघडून माझ्या आईच्या डबीला लावून पाहायला नऊ महिने कमी पडले?

आता पुढचं ऐका. कॅप्सूल सुरू केल्या अन् चौथ्या दिवशी आई जिना चढून वर आली. आम्ही सगळे पाहतच राहिलो. मारबतीच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, ती दोन तास रस्त्यावर उभी होती, काळी मारबत, पिवळी मारबत, सगळं पाहिलं, पोट्ट्यांसोबत "घेऊन जा गे मारबत" ओरडली. कित्येक वर्षांनी. मी त्या दिवशी मनात म्हटलं होतं की बघा, आजीचा पाला जिंकला. आज तेच आठवलं की अंगावर काटा येते, कारण पाला चार दिवसांत असं करत नाही, मला हे कळायला पाहिजे होतं, मी शिकलेली आहे, अन् तरी मला आनंदात दिसलं नाही.

दिवाळीपर्यंत तिचा चेहरा गोल झाला. नातेवाईक म्हणायचे तब्येत बनली काकूंची. हातावर जरा कुठं लागलं की निळे डाग. शुगर जी 130-140 राहायची ती 380. पायाच्या अंगठ्याला जोड्यानं झालेला साधा फोड महिनाभर भरून आला नाही, पू झाला. नोव्हेंबरात शेवटची डबी संपली अन् तो स्टॉल तिथून उठून गेलेला. तीन दिवसांनी उलट्या सुरू, उभं राहता येईना, बीपी 80 वर 50. रात्री दोन वाजता ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, अशोक चौकात सिग्नलला ऑटोवाल्यानं मागं वळून विचारलं, जित्या आहेत ना काकू? ते मी कधी विसरणार नाही.

ड्युटीवरच्या पोरीनं, बिचारी पंचविशीची असेल, चेहरा पाहूनच विचारलं, यांना स्टिरॉइड कोण देऊन राहिलं? सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टिरॉइड, रक्तात तपासलं, 1.4 आलं. ते साधारण 5 ते 25 च्या मधे असायला पाहिजे. बाहेरून रोज स्टिरॉइड मिळालं की शरीर आपलं स्वतःचं बनवणं सोडून देते, अन् मग बाहेरचं एकदम बंद झालं की माणूस कोसळते. ती उणीव भरून काढणारं हायड्रोकॉर्टिसोन लावलं तेव्हा वाचली. पण कमरेचा एक मणका दबून गेला, हाडं आतून पोकळ झाली म्हणतात, पट्टा त्याचाच आहे. अंगठ्याचं एक पेर कापावं लागलं. बिल एक लाख 84 हजार. आईच्या दोन बांगड्या इतवारी बाजारात मोडल्या, त्या तिच्या आईच्या होत्या.

नंतर आईच्या एका पर्समध्ये त्यातल्या 14 कॅप्सूल सापडल्या. त्यातल्या 10 मी तुमच्या कार्यालयात जमा केल्या, पावती आहे. दोन घेऊन मी माझ्या जुन्या मॅडमकडे गेली. मेथॅनॉलमध्ये विरघळवून सिलिकाच्या प्लेटवर तीन ठिपके दिले. एक आईच्या कॅप्सूलचा, एक मेडिकलमधून आणलेल्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळीचा, एक माझ्या निर्गुडीचा. प्लेट द्रावकात उभी केली, द्रावक वर चढला की प्रत्येक घटक आपापल्या उंचीवर जाऊन थांबते, मग वाळवली, 254 नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरली. हिरव्या चमकणाऱ्या प्लेटवर डेक्साचा काळा ठिपका होता, अन् अगदी त्याच उंचीवर, तसाच, आईच्या कॅप्सूलचा. मग दुसरा दिवा लावला, 366 चा. पानातलं हरितद्रव्य त्याच्याखाली लालभडक पेटते. माझ्या निर्गुडीची रेघ निखाऱ्यासारखी लाल होती. आईच्या रेघेत नुसती पुसट लाली. पाण्यात काढलेला अर्क असेल तर लाली कमी येईल, हे मी मान्य करते. पण तो काळा ठिपका कुठल्या पानातून आला? मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी दिवा बंद केला अन् माझ्या पाठीवर हात ठेवला.

मला माहीत आहे की एका प्लेटवरचा एक ठिपका म्हणजे कोर्टात चालणारा पुरावा नाही. घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी यंत्र पाहिजे, रेणू ओळखणारं मास स्पेक्ट्रोमीटर पाहिजे, अन् सरकारी विश्लेषकाची सही पाहिजे. म्हणूनच तर तुमच्याकडे आली. अन् तुमच्या खिडकीवरचा माणूस म्हणतो, मॅडम, आयुर्वेदिक असेल तर आमच्या इन्स्पेक्टरनं उचललेलं सॅम्पल लागते, उघडलेली डबी चालत नाही. मग मी विचारलं, इन्स्पेक्टरला पाठवा ना. तो म्हणे स्टॉल कुठाय? स्टॉल उठून गेला. मग कोणाकडून उचलणार? म्हणजे ज्यानं विष विकलं तो पळाला की गुन्हाच उरला नाही. सीलबंद डबी आणा म्हणता, सीलबंद डबी खाल्ली असती का आईनं? उघडून खाल्ली म्हणूनच तर पायाचं पेर गेलं!

कायदा नाही असंही नाही. औषध कायदा 1940 चा आहे, त्यात आयुर्वेदिक औषधांचं वेगळं प्रकरण आहे. 1954 च्या औषधं अन् चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या कायद्याच्या यादीत संधिवातही आहे अन् मधुमेहही, म्हणजे तो बॅनर लावणं हाच गुन्हा होता, भर चौकात, पोलिसांच्या डोळ्यांदेखत. 2018 साली केंद्रानं नियम 170 आणला की परवानगीशिवाय आयुर्वेदिक औषधाची जाहिरात करता येणार नाही. 2024 च्या जुलैत तोच नियम काढून टाकला, ऑगस्टात सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली, अन् पुढच्या ऑगस्टात ती केसच निकाली काढली. आला, गेला, थांबला, परत गेला. आम्ही सामान्य माणसांनी कोणत्या तारखेला कोणतं पान खावं?

अन् कोणाला विचारावं तेही कळत नाही. औषध प्रशासनाचे मंत्री वेगळे, वैद्यकीय शिक्षणाचे वेगळे, सार्वजनिक आरोग्याचे वेगळे. एका टेबलावर म्हणतात हे आयुषचं, म्हणजे आयुर्वेद वगैरेंच्या खात्याचं आहे, आयुषवाले म्हणतात आमच्याकडे फक्त कॉलेजं अन् दवाखाने, भेसळ असेल तर औषधवाल्यांकडे जा. भेसळ आहे का हेच तर तपासून मागून राहिली ना मी! मी सुट्टीच्या अर्जावर अर्ज देऊन 11 दिवस बिनपगारी घालवले या चकरांत.

हळदीचं अमेरिकेतलं पेटंट 1997 ला रद्द करून आणलं आपल्या देशानं, कडुनिंबाच्या तेलाचं युरोपातलं पेटंट 2000 ला रद्द झालं, 2005 ला अपिलातही टिकलं नाही. शाळेत हे शिकताना ऊर भरून यायचा माझा. परदेशातल्या एका पेटंटसाठी आपण दहा दहा वर्षं भांडलो. अन् इथं महालातल्या बाईच्या पोटात निर्गुडीच्या नावानं काय गेलं ते पाहायला कोणाला एक दिवस काढता आला नाही. गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा पुडा अन् पुडा मोजला जाते, कारण त्याच्यात महसूल आहे. बिडीच्या पानाचा हिशोब ठेवता, औषधाच्या पानाचा का नाही ठेवत?

1953 च्या नागपूर कराराप्रमाणे दरवर्षी अधिवेशन आमच्या शहरात होते. रस्त्यांवर डांबर पडते, दुभाजक रंगतात, आम्ही ट्रॅफिकमध्ये तासभर अडकतो अन् सहन करतो, की बाबा आपलं काही मांडता येईल. या शहरात मेडिकल कॉलेज आहे, मेयो हॉस्पिटल आहे, एम्स आहे, सक्करदऱ्याला सरकारी आयुर्वेद कॉलेज आहे, विद्यापीठाचा फार्मसी विभाग आहे. माझ्यासारख्या किती पोरापोरींनी पानांच्या अर्काचे प्रोजेक्ट करून बाइंडिंगच्या काळ्या पुठ्ठ्यात घालून ग्रंथालयात ठेवले, त्यांच्या हाताला हे काम येते. सॉक्सलेट चालवता येणारे, प्लेट वाचता येणारे हात बेकार फिरून राहिले किंवा माझ्यासारखे रक्ताच्या बाटल्या मोजून राहिले. अन् तुम्ही म्हणता माणसं नाहीत. एक मशीन अन् चार माणसं द्या, रोज दहा डब्या आम्ही तपासून देऊ. मी स्वतः रविवारी फुकट येईन.

मागणं फार नाही. बंद केलेली फाइल उघडा. त्या 10 कॅप्सूल अजून तुमच्याकडे असतील तर तपासा, नसतील तर कुठं गेल्या ते लेखी द्या. अन् सांधेदुखी-सूज यावर पाल्याचा अर्क म्हणून जे जे विकलं जाते त्यात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडं किंवा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आहे का हे आधी पाहा, कारण लवकर आराम पाडायला हेच मिसळतात. उघडी डबी घेऊन आलेल्या पेशंटला खिडकीवरून हाकलू नका, निदान दोषी पकडायला नाही तर दवाखान्यातल्या डॉक्टरला कळावं म्हणून तरी तपासा. त्या रात्री त्या पोरीनं चेहऱ्यावरून ओळखलं नसतं तर आई गेली असती.

परवा पोळा झाला. काल मारबत आमच्या रस्त्यावरून गेली, ढोल पार खिडकीपर्यंत ऐकू येत होते. आईला म्हटलं खुर्ची दारात नेऊन ठेवू का, ती नाही म्हणाली. त्याच वेळी तुमचं पाकीट टेबलावर पडलं होतं.

दोन कॅप्सूल अजून माझ्याजवळ आहेत. फ्रीजमध्ये स्टीलच्या छोट्या डबीत, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवल्या, वर तारीख लिहिली आहे. माणूस पाठवा. संध्याकाळी सातनंतर मी घरी असते, अन् यावेळी पावतीवर सही त्यानं माझ्यासमोर करायची.

आपली,
महालातली एक मुलगी
नागपूर